पांचव्या चाकाचें हलकें घर

गाडीला चाकें चार असतात हें आपण सर्व जाणतां. आज ज्या घराविषयीं मी बोलणार आहें त्याच्या नांवांत मात्र पांचवें चाक आहे, आणि गंमत अशी कीं, तें चाक शोधूं गेल्यास कोठेंच सांपडत नाहीं. अमेरिकेंतील लोक ज्याला 'फिफ्थ व्हील' म्हणतात असें हें चाकांवरचें घर. त्याचा पुढचा भाग पिकअप ट्रकच्या पाठीवर टेकवितात आणि मागचा भाग स्वतःच्या चाकांवर धांवतो. अशा एका घरांत, तेंहि त्यांतल्या हलक्या जातीच्या घरांत, मी व माझी पत्नी २०२४ सालच्या ऑगस्टपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत राहिलों.

आमची कन्या तिकडे परिचारिका आहे. एकेका गांवच्या रुग्णालयाशीं तिचा साधारण तेरा आठवड्यांचा करार होतो. तो संपला कीं पुढचें गांव. दर तीन महिन्यांनीं नवें बिऱ्हाड शोधण्यापेक्षां बिऱ्हाडच बरोबर न्यावें, या विचारानें तिनें व जांवयांनीं हें घर घेतलें. जांवयांचें काम संगणकावरचें, म्हणजे कोठूनहि होणारें. नातू आठ वर्षांचा, त्याची शाळा घरींच.

मी यंत्रविद्या शिकलेला नाहीं. मॅट्रिक होऊन पुढें छत्तीस वर्षें मुलांना अंकगणित शिकविलें, एवढीच माझी पुंजी. परंतु या घराचे गुण आणि दोष समजण्यास अंकगणितच पुरेसें आहे, आणि नेमकें तेंच करण्याचें पुष्कळांकडून राहून जातें, असा अनुभव आल्यामुळें हे चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

प्रथम नांवाचा उलगडा करूं. घोड्यांच्या चारचाकी गाडीचा पुढचा आंस वळावा म्हणून आंस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें एक लोखंडी कडें आडवें बसवीत असत. चार चाकें जमिनीवर उभीं, आणि हें पांचवें आडवें. म्हणून त्यास पांचवें चाक म्हणूं लागले. पुढें मालमोटारी आल्या, तेव्हां ओढणाऱ्या मोटारीवर अशीच एक आडवी तबकडी बसवून तिच्यावर मागच्या गाडीचें तोंड टेकविण्याची रीत रूढ झाली. ग्लेन कर्टिस हे विमानविद्येंतील नामांकित अमेरिकन गृहस्थ. त्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत याच तत्त्वावर 'एरोकार' नांवाचें प्रवासी घर बाजारांत आणलें. आज तिकडे बनणाऱ्या अशा घरांपैकीं बहुसंख्य घरें इंडियाना संस्थानांतील एल्कहार्ट गांव व त्याच्या आसपासचे कारखाने यांतून बाहेर पडतात.

जोडणीची रचना अशी असते. ट्रकच्या उघड्या हौद्यांत, मागच्या आंसाच्या बरोबर वर किंवा किंचित् पुढें, पोलादी तबकडी बसविलेली असते. घराच्या नाकाखालून दोन इंच जाडीची एक पोलादी खीळ खालीं आलेली असते. ट्रक मागें घेतला कीं ती खीळ तबकडीच्या खांचेंत शिरते आणि दोन जबडे तिला घट्ट धरितात. घर खिळीभोंवतीं वळतें, आणि त्याच्या वजनाचा एक हिस्सा खिळीवाटे ट्रकच्या पाठीवर उतरतो. हा हिस्सा किती, यावरच पुढचें सारें पुराण आहे.

आपल्या खेड्यांतील गाडीवानाला हें तत्त्व शाळेंत न जातांहि समजलेलें असतें. बैलगाडींत ओझें मागें अधिक झालें कीं गाडी उलाळते आणि जूं वर उचललें जातें. पुढें अधिक झालें कीं ती धुरजड होते व बैलांच्या मानेवर भार येतो. शहाणा गाडीवान ओझें असें रचतो कीं गाडी किंचित् धुरजडच राहावी. मोटारीमागील घराचेंहि तसेंच. मागें ओझें जास्त झालें तर तें शेपटासारखें डुलूं लागतें, आणि वेग वाढला कीं तें डुलणें आटोक्याबाहेर जातें. म्हणून पुढें भार मुद्दाम ठेवावा लागतो. मोटारीच्या पाठीमागें लोखंडी गोळ्याला जोडलेल्या साध्या घरांत हा भार एकंदर वजनाच्या शेंकडा १० ते १५ असतो. पांचव्या चाकाच्या घरांत तो शेंकडा १५ ते २५ असतो, आणि अंदाज करतांना २० धरावा.

या जोडणीचे गुण स्पष्ट आहेत. भार ट्रकच्या आंसावर पडत असल्यामुळें बाजूच्या वाऱ्यानें किंवा जवळून गेलेल्या मालमोटारीच्या झोतानें घर ट्रकला सहसा हिसडा देत नाहीं. अरुंद जागीं तें चांगलें वळतें. ट्रकच्या पाठीवर आलेल्या भागांत निजण्याची खोली होते, त्यामुळें ट्रक व घर मिळून एकंदर लांबी कमी भरते. उलट, वळतांना घराचीं चाकें ट्रकच्या चाकोरीच्या आंतून जातात, म्हणून कोपऱ्यावरील खांबापासून अंतर राखावें लागतें. उंची बारा फुटांच्या आसपास असल्यामुळें पुलाखालून जातांना पाटी वाचावी लागते. आणि ट्रकचा हौदा साडेपांच फुटांचा आंखूड असेल तर फार तिरपें वळतांना घराचें नाक ट्रकच्या कांचेवर आदळण्याचें भय असतें. त्यासाठीं मागें सरकणारी तबकडी मिळते. पण तिचें वजन आणि किंमत, दोन्ही अधिक.

आतां 'हलकें' या शब्दाकडे येऊं. जुन्या घराण्याचीं मोठीं पांचचाकी घरें ओढण्यास एक टन वर्गाचा दणकट ट्रक लागतो. सर्वांपाशीं तो नसतो; पुष्कळांपाशीं अर्धा टन वर्गाचा, रोजच्या वापराचा ट्रक असतो. अशा ट्रकलाहि ओढतां येईल असें घर करावें, या हेतूनें कारखानदारांनीं वजन उतरविलें. लांकडी चौकटीच्या जागीं ॲल्युमिनियमच्या नळ्या आल्या. भिंतींत फेंसाचे ठोकळे आणि बाहेरून फायबरग्लासचा पातळ पत्रा, हें सारें दाबून चिकटविलेलें. खालचा पोलादी सांगाडा बारीक झाला, आंस आणि टायर लहान झाले, कपाटांचीं फळकुटें पातळ झालीं. कन्येचें घर अठ्ठावीस फूट लांब असून रिकामें असतां ६,७०० पौंड, म्हणजे सुमारें ३,०४० किलो होतें.

श्रोतेहो, एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. वजन हवेंत विरून जात नाहीं. तें कोठून तरी काढून घेतलेलें असतें. भिंतींतून काढलें तर थंडी आंत येते. सांगाड्यांतून काढलें तर घर लवतें. आंसांतून काढलें तर सामान भरण्यास सवड उरत नाहीं. हलकेपणा हा गुण खरा, पण त्याची किंमत कोठें मोजली आहे तें पाहिल्यावांचून घर घेऊं नये.

आमच्या बाबतींत ही किंमत कशी कळली तें सांगतों. सप्टेंबरअखेर कन्येचा कॅन्सस संस्थानांतील करार संपला आणि पुढचा करार कोलोराडोच्या पश्चिमेस ग्रँड जंक्शन येथें ठरला. कॅन्सस म्हणजे ताटासारखें सपाट. पण ग्रँड जंक्शनला जाण्यास रॉकी पर्वत ओलांडावा लागतो. मोठा रस्ता आयसेनहॉवर बोगद्यांतून जातो, आणि तो बोगदा ११,००० फुटांहून अधिक उंचीवर आहे.

निघण्याच्या आधीं तीन दिवस मी नातवाला बेरजा देत होतों. खोटीं उदाहरणें रचण्याचा कंटाळा आला, म्हणून म्हटलें, "चल, आपल्या ट्रकचीच बेरीज करूं." चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक लहान पाटी चिकटविलेली असते. माणसें आणि सामान मिळून या ट्रकवर इतक्याहून अधिक वजन कधींहि नसावें, असा आंकडा तिच्यावर छापलेला असतो. आमच्या ट्रकचा आंकडा १,६४० पौंड होता.

नातवानें पाटीवर लिहिलें. भरलेलें घर अंदाजें ७,९०० पौंड. त्याचा पांचवा हिस्सा १,५८०. तबकडीचें वजन १३०. आम्हीं पांच माणसें मिळून ६३०. बेरीज २,३४०. त्यानें दोनदां तपासून पाहिली आणि मला विचारलें, "आजोबा, वजाबाकी उलटी येते. माझें चुकलें का?"

त्याचें चुकलें नव्हतें. ७०० पौंड जास्त होत होते.

मी तो कागद जांवयांपुढें ठेवला. ते प्रथम हंसले. म्हणाले, "बाबा, हा ट्रक अकरा हजार पौंड ओढूं शकतो, माहितीपत्रांतच दिलेलें आहे. विक्रेत्यानेंहि सांगितलें होतें." मी म्हटलें, "जांवईबापू, ओढण्याविषयीं माझी शंका नाहीं. बैल बलवान असला तरी त्याच्या मानेवर किती टेकवावें हा प्रश्न निराळा." त्यांनीं स्वतःचा हिशेब दाखविला. माहितीपत्रांत खिळीवरचा भार १,१८० पौंड दिला होता. त्यांत तिघांचें वजन ३६० मिळविलें कीं १,५४० होतात. म्हणजे शंभर पौंड शिल्लक. हिशेब सरळ दिसत होता. परंतु तो १,१८० चा आंकडा रिकाम्या घराचा होता. त्यांत ना भांडीं, ना कपडे, ना पाण्याची टांकी. शिवाय सामानाचा मोठा कप्पा निजण्याच्या खोलीच्या खालीं, म्हणजे खिळीच्या जवळ. तेथें ठेवलेल्या वस्तूंचा बहुतेक भार ट्रकवरच येतो. आणि तबकडीचें वजन तर ते विसरलेच होते.

वाद घालण्यांत अर्थ नव्हता. महामार्गावर मालमोटारींसाठीं वजनकांटे असतात. थोडे पैसे दिले कीं कोणालाहि वजन करतां येतें. ट्रकचे पुढचे चाक, मागचे चाक आणि घराचीं चाकें यांचीं वजनें निरनिराळीं छापून मिळतात. एकदां घरासह वजन करावयाचें, एकदां नुसत्या ट्रकचें. ट्रकच्या दोन आंसांवर जितकी वाढ दिसेल तितका खिळीचा भार. आमचा आला १,६२० पौंड. घराच्या चाकांवर ६,२८०. म्हणजे अंदाजापेक्षांहि चाळीस पौंड अधिकच. एकटी खीळच पाटीवरील जवळजवळ सारा आंकडा खाऊन बसली होती. तबकडी आणि माणसें यांना मिळून वीस पौंडांचीच जागा उरली होती.

तो कागद हातांत घेऊन जांवई बराच वेळ उभे होते. गेलें दीड वर्ष आपण बायकोमुलाला घेऊन असेंच हिंडलों, हा विचार त्यांच्या मनांत आला असावा. कन्या एवढेंच म्हणाली, "बाबा, सोमवारीं मला हजर व्हायचं आहे." तिच्या सौभाग्यवती मातोश्री, ज्या सहसा अशा बाबतींत बोलत नाहींत, त्या म्हणाल्या, "अहो, नोकरी दुसरी मिळेल. पोराला या ट्रकमध्यें घेऊन डोंगर उतरायचा नाहीं."

अखेर एक टन वर्गाचा ट्रक असलेल्या व अशीं घरें पोंचविण्याचाच धंदा करणाऱ्या गृहस्थास ठरविलें. आमचें घर त्यानें ओढलें आणि आम्हीं पांच जण रिकाम्या ट्रकमध्यें मागून निघालों. बोगद्याच्या पलीकडे उतार लागला. कडेला खडीचे चढते फांटे केलेले दिसले. ब्रेक निकामी झालेली मालमोटार तेथें घालावयाची, म्हणजे खडींत रुतून थांबते. नातवानें विचारलें, "आजोबा, हे रस्ते कुठं जातात?" मीं उत्तर दिलें, "कुठंच नाहीं बाळ, म्हणूनच ते उपयोगाचे."

ग्रँड जंक्शनला पोंचल्यावर जांवयांनीं ट्रक बदलून मोठा घेतला. चार वर्षांचे हप्ते वाढले. घर हलकें घेऊन जी बचत केली होती ती ट्रकनें परत घेतली. मला विचाराल तर व्यवहार तोट्याचा झाला नाहीं; पण तो आधीं माहीत असता तर आधींच नीट तोलून पाहतां आला असता.

वजनाचा प्रश्न सुटला म्हणजे राहण्याचा सुरू होतो. घराच्या कुशींतून तीनएक फूट बाहेर सरकणारी खोली ही मोठी सोय. बटन दाबलें कीं कोंदट बोळाची बैठक होते. पण त्या खोलीच्या चारी कडांना रबरी पट्ट्या असतात, आणि त्या पट्ट्या म्हणजेच पावसाला मोकळें दार. छपरावर रबरी कापड ताणलेलें असतें. त्यांतून धुराड्याच्या व हवेच्या नळ्या वर येतात, आणि त्यांच्याभोंवतीं लुकण भरलेलें असतें. उन्हानें लुकण तडकतें. पाणी एकदां भिंतीच्या पडद्यांत शिरलें कीं चिकटविलेले थर सुटतात आणि बाहेरचा पत्रा पापडासारखा फुगतो. तो फोड दिसला तेव्हां रोग जुना झालेला असतो. म्हणून दर दोनतीन महिन्यांनीं शिडी लावून छप्पर पाहावें, हा या घराचा पहिला कुळाचार होय.

निजण्याची खोली वर असल्यामुळें तीन पायऱ्या चढून जावें लागतें, आणि छत ठेंगणें. सदरा अंगांत घालतांना माझे हात छताला लागत. गुडघे दुखणाऱ्या माणसानें रात्रीं उठून त्या पायऱ्या उतरणें हें सुखाचें नाहीं. माझ्या पत्नीनें आठ दिवसांनीं खालच्या बैठकीवरच अंथरूण केलें.

विजेचा हिशेबहि सोपा आहे. हलक्या घराला बहुधा ३० अँपियरची जोडणी असते. तिकडील वीज १२० व्होल्टची. गुणाकार केला कीं ३,६०० वॉट. गारवा करणारें यंत्र चालूं असतां शेगडीची पेटी लावली आणि त्यांतच चहाची विजेची किटली घातली, कीं काळोख. आमच्या येथें हें दोनदां घडलें; पुढें चहा गॅसवर होऊं लागला.

पाण्याच्या टांक्या तीन: स्वच्छ पाण्याची, स्नानाच्या व भांड्यांच्या पाण्याची, आणि संडासाची. स्वच्छ पाण्याची टांकी चाळीस गॅलनांची; तिकडील एका गॅलनाचें वजन ८.३४ पौंड, म्हणजे भरली टांकी सुमारें ३३४ पौंड. म्हणून प्रवासांत ती रिकामी ठेवावी आणि मुक्कामीं भरावी. सांडपाण्याची टांकी लवकर भरते. या बाबतींत मला कांहीं शिकावें लागलें नाहीं. माणदेशांत वाढलेल्या माणसाला एका बादलींत स्नान आणि त्याच पाण्यांत पाय धुणें हें ठाऊक असतें; आमच्यामुळें टांकी लवकर भरल्याची तक्रार कोणीं केली नाहीं.

खरी परीक्षा थंडींत झाली. भिंत दीडदोन इंचांची, कांच बहुधा एकेरी. नोव्हेंबरांत पाणी गोठूं लागलें. बाहेरून आलेल्या पाण्याच्या नळीला उष्णतेची तार गुंडाळावी लागली. त्याहून वाईट ओल. पांच माणसांचा श्वास, भाताची वाफ, कुकरची वाफ. आणि पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं तें हें, कीं चुलीच्या ज्योतींतूनहि पाणीच निघतें. एक किलो प्रोपेन वायु जळला कीं सुमारें १.६ किलो पाण्याची वाफ होते. घर तापविणाऱ्या भट्टीचा धूर नळीनें बाहेर जातो, पण चुलीची वाफ आंतच राहते. ती गार कांचेवर आणि गादीखालच्या फळीवर दंव होऊन बसते. नातवाच्या गादीखालीं एके दिवशीं काळी बुरशी सांपडली. त्याला खोकला येतच होता. मग गादीखालीं हवा खेळण्यास जाळीची पट्टी घातली, स्वयंपाक करतांना झरोका उघडा ठेवूं लागलों, आणि ओल शोषणारें यंत्र आणलें. त्या यंत्राच्या भांड्यांतील पाणी रोज सकाळीं ओततांना आम्हांला आश्चर्य वाटे. खोकला पंधरवड्यानें थांबला.

एक गोष्ट आणखी. अनेक कारखानदारांच्या हमीपत्रांत असें कलम असतें, कीं हें घर सहलीसाठीं आहे, बारमहा राहण्यासाठीं नव्हे. तसें राहिल्यास हमी लागू नाहीं. घेण्यापूर्वीं तें कलम वाचावें.

मग असें घर घ्यावें कीं घेऊं नये? मी दोन्ही बाजू पाहिल्या. सुटीचे चार आठवडे, उबदार ऋतु आणि दोघांचें कुटुंब असेल, तर हलकें घर उत्तम. बारमहा राहणें, मूल आणि हिंवाळा असेल, तर थोडें जड घर आणि त्याला साजेसा ट्रक हेंच अखेर स्वस्त. आणि घर कोणतेंहि असो, क्रम हा ठेवावा: प्रथम दाराच्या चौकटीवरील पाटी वाचावी, मग भरलेल्या घराचा पांचवा हिस्सा काढावा, रिकाम्याचा नव्हे, त्यांत तबकडी आणि सारीं माणसें मिळवावीं, बेरीज पाटीहून कमी आली तरच विक्रेत्याच्या दारांत पाऊल टाकावें, आणि घेतल्यावर एकदां कांट्यावर नेऊन खातरी करावी.

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत, आणि त्यांतलीं कांहीं अशा घरांकडे हौसेनें किंवा गरजेनें पाहत असतील. त्यांना पत्र लिहाल तेव्हां ही बेरीज अवश्य कळवा. परत निघतांना नातवानें मला ती जुनी पाटी दाखविली. त्यानें ती पुसली नव्हती. मोठ्या ट्रकचा नवा आंकडा वर लिहून वजाबाकी पुन्हां केली होती, आणि या वेळीं ती सुलटी आली होती.